बोट टेकल्यापासून पान उघडेपर्यंत

दिवाळीला महिनाभर असताना ठाण्यातल्या घरगुती फराळ उद्योगांची ऑनलाइन नोंदणी सुरू होते. नौपाड्यातला असाच एक उद्योग उदाहरणादाखल डोळ्यांसमोर ठेवू. चकली, अनारसे, कडबोळी, चिवडा यांचे दर त्याने आपल्या वेबसाइटवर टाकले आहेत, त्या पानाची लिंक व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरवली आहे आणि थोडे पैसे मोजून इन्स्टाग्रामवर जाहिरातही दिली आहे. घोडबंदर रोडवरचा एक ग्राहक आणि न्यू जर्सीत स्थायिक झालेली त्याची बहीण, असे दोघेही त्या लिंकवर बोट टेकवतात. बोट टेकल्यापासून पान पूर्ण उघडेपर्यंत जे दोन-चार सेकंद जातात, त्यांत पडद्यामागे काय घडते हे समजून घेतले, तर गेल्या दहा-पंधरा वर्षांत ऑनलाइन जाहिरातीचा धंदा का बदलला याचा बराचसा उलगडा होतो. पूर्वी जाहिरात देणारे खाते वेगळे आणि वेबसाइट सांभाळणारे खाते वेगळे, अशी सरळ वाटणी होती. आता पान पोहोचवणारी यंत्रणाच जाहिरातीचे निम्मे काम करते किंवा बिघडवते. लहान उद्योजकांना मात्र हे सहसा कोणी सांगत नाही. त्यांना जाहिरातीचे बजेट वाढवायला तेवढे सांगितले जाते.

अंतराचा हिशेब

काचेच्या तंतूतून माहिती सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावते. हा वेग प्रचंड वाटतो, पण मुंबईपासून न्यूयॉर्क सरळ रेषेतही साडेबारा हजार किलोमीटर दूर आहे आणि समुद्राखालची केबल सरळ रेषेत जात नाही. त्यामुळे वेबसाइट अमेरिकेतल्या सर्व्हरवर, म्हणजे पाने साठवून मागेल त्याला पाठवणाऱ्या संगणकावर असेल, तर ठाण्यातून निघालेली मागणी तिथे जाऊन परत यायला १२५ मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागूच शकत नाही. प्रत्यक्षात तो दोनशेच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. एवढ्याने कोणाचे काही बिघडले नसते. परंतु पान एका फेरीत येत नाही. आधी वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधावा लागतो, मग सर्व्हरशी जोडणी करावी लागते, त्यानंतर मधल्या कोणाला वाचता येऊ नये म्हणून सांकेतिक किल्ल्यांची देवाणघेवाण होते आणि मग कुठे खरी मागणी जाते. पान आल्यावर ब्राउझरच्या लक्षात येते की, अजून चित्रे, फॉन्ट आणि जाहिरातींच्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्राम, आणायचे आहेत. पुन्हा फेऱ्या सुरू होतात.

यावरचा उपाय म्हणजे पानाची प्रत वाचकाच्या जवळ आणून ठेवणे. मागणी आली की दर वेळी मुख्य कारखान्यातून माल मागवण्याऐवजी गावोगावच्या दुकानदारांकडे थोडा साठा ठेवावा, तसा हा प्रकार आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले गणिती टॉम लाइटन आणि त्यांचे विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी याच कल्पनेवर १९९८ मध्ये अकामाई ही कंपनी उभी केली. आज क्लाउडफ्लेअर, फास्टली, ॲमेझॉन, गूगल अशा अनेकांची जाळी जगभर पसरलेली आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून जाताना ऐरोली, रबाळे, महापे या भागांत ज्या प्रचंड, जवळजवळ बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात, त्यांतल्या कित्येक डेटा सेंटर आहेत. ज्या औद्योगिक पट्ट्यात एके काळी रसायनांचे आणि औषधांचे कारखाने होते, तिथेच विजेची आणि जागेची सोय होती आणि मुंबईच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या समुद्री केबलही जवळ होत्या, म्हणून हा उद्योग तिथे रुजला. नौपाड्यातल्या फराळाचे पान अमेरिकेतल्या सर्व्हरवर असले, तरी त्याची प्रत मुंबई परिसरातल्या अशा केंद्रात असेल, तर घोडबंदरच्या ग्राहकाची मागणी समुद्र ओलांडतच नाही. बहिणीला तिची प्रत न्यू जर्सीच्या आसपासच्या केंद्रातून मिळते.

प्रत साठवण्याला तांत्रिक भाषेत कॅशे म्हणतात आणि तिची एक खोड माहीत असलेली बरी. सणाच्या तोंडावर तेल महागले म्हणून चकलीचा दर सकाळी वाढवला, तरी साठवलेली प्रत शिळी होण्याची मुदत संपेपर्यंत काही ग्राहकांना जुनाच दर दिसत राहतो, आणि त्या दराने आलेल्या ऑर्डरींवरून फोनवर हुज्जत होते. म्हणून क्वचित बदलणारी चित्रे वर्षभर साठवू द्यावीत, दर आणि शिल्लक माल यांची मुदत मात्र एखाद्या मिनिटाची ठेवावी, असा साधा नियम जाणकार पाळतात. वेबसाइट बनवून देणाऱ्याला हा एक प्रश्न विचारला, तरी त्याला काम किती कळते याचा अंदाज येतो.

गेल्या काही वर्षांत या जवळच्या केंद्रांवर नुसत्या प्रती राहत नाहीत, तर छोटे प्रोग्रामही चालतात. त्यामुळे एकाच लिंकवर न्यू जर्सीतल्या बहिणीला डॉलरमधला दर आणि परदेशी पार्सल पाठवण्याची अंतिम तारीख दिसू शकते, तर घोडबंदरच्या भावाला घरपोच मिळण्याची वेळ दिसू शकते. मुख्य सर्व्हरपर्यंत जाण्याची गरज पडत नाही. प्रत्येक वाचकाला वेगळे पान दाखवणे पूर्वी फक्त मोठ्या कंपन्यांना परवडत असे. आता ते महिन्याला किरकोळ खर्चात जमते, आणि जाहिरातीत जे वचन दिले तेच पानावर दिसण्याची सोय लहान दुकानालाही झाली आहे.

जोडणीची नवी पद्धत

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात, ते नियमही बदलले आहेत. या नियमांना एचटीटीपी म्हणतात आणि त्यांची दुसरी आवृत्ती २०१५ मध्ये आली. तिच्यात एकाच जोडणीवरून अनेक वस्तू एकदम मागवता येऊ लागल्या, पण वाटेत एक तुकडा हरवला, की तो पुन्हा येईपर्यंत मागच्या सगळ्यांचा खोळंबा होत असे. तिसरी आवृत्ती जून २०२२ मध्ये प्रमाणित झाली आणि तिने पायाखालची वाहतूक व्यवस्थाच बदलली. आता एका चित्राचा तुकडा हरवला, तर तेवढे चित्र थांबते, बाकीचे पान पुढे सरकते. जोडणी करणे आणि ती सुरक्षित करणे ही दोन कामेही एकाच फेरीत उरकतात. शिवाय जोडणीला स्वतःची ओळख दिलेली असल्यामुळे ग्राहक घरच्या वायफायवरून लिफ्टमधून खाली उतरून मोबाइल डेटावर आला, तरी सर्व्हर त्याला नवा पाहुणा न समजता बोलणे पुढे चालू ठेवू शकतो. आपल्याकडे बहुतेक खरेदी चालता-बोलता मोबाइलवरून होते, त्यामुळे हा फायदा इथे विशेष जाणवावा असा आहे.

नेटवर्क पूर्णच गेले, तर मात्र जोडणी कितीही शहाणी असली तरी उपयोग नाही. पारसिकच्या बोगद्यातून गाडी जाताना मोबाइलचा सिग्नल जातो आणि नेमके तेव्हाच ग्राहक अनारशांचे प्रमाण निवडत असतो. यासाठी सर्व्हिस वर्कर नावाची सोय ब्राउझरमध्ये आहे: वेबसाइट आपला एक छोटा प्रोग्राम ग्राहकाच्या फोनमध्ये ठेवते, तो पानाच्या प्रती सांभाळतो, भरलेली यादी पुसू देत नाही आणि नेटवर्क परत आल्यावर ऑर्डर पुढे पाठवू शकतो. याच सोयीच्या आधाराने वेबसाइट फोनच्या पडद्यावर ॲपसारखी बसवता येते, म्हणजे प्ले स्टोअरसाठी वेगळे ॲप बनवण्याचा खर्च पुष्कळदा वाचतो. सूचना पाठवण्याची परवानगीही अशा वेबसाइटला मागता येते. येथे माझे मत सांगतो. पान उघडताक्षणी ही परवानगी मागणे हा शुद्ध आगाऊपणा आहे. ऑर्डर दिल्यानंतर ‘पार्सल निघाल्यावर कळवू का’ असे विचारले, तर लोक आनंदाने होकार देतात.

मराठी पानाचे वजन

पान जड कशाने होते याबद्दल एक गैरसमज मराठी वेबसाइटवाल्यांमध्ये आढळतो. देवनागरीचे प्रत्येक वर्णचिन्ह युनिकोडच्या रूढ पद्धतीत तीन बाइट जागा घेते, इंग्रजी अक्षर एकच घेते. म्हणून मराठी मजकूर जड, असा तर्क केला जातो आणि मग दरपत्रक ग्राफिक डिझायनरकडून चित्ररूपात बनवून घेतले जाते. हिशेब उलटा आहे. दोन हजार चिन्हांचा मजकूर सहा हजार बाइटच्या आसपास होतो आणि पाठवताना दाबला, की आणखी लहान होतो. फोनच्या कॅमेऱ्यातून काढलेला चकल्यांच्या ताटाचा एक फोटो मात्र सहज तीन-चार मेगाबाइटचा, म्हणजे त्या मजकुराच्या पाचशेपटीहून अधिक असतो. तोच फोटो मोबाइलच्या पडद्यापुरता लहान करून वेबपी किंवा एव्हीआयएफ या नव्या स्वरूपांत साठवला, तर शंभर-दीडशे किलोबाइटमध्ये मावतो आणि चकलीचे काटे तितकेच स्पष्ट दिसतात.

खरी अडचण फॉन्टची असते. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो आकार भरावे लागतात, त्यामुळे फाइल रोमन फॉन्टच्या मानाने बरीच मोठी होते. फॉन्ट येईपर्यंत काही ब्राउझर मजकूर लपवून ठेवतात. काही वेबसाइट आधी फोनमधला फॉन्ट दाखवतात आणि मग आपला फॉन्ट आला, की सगळ्या ओळी वरखाली होतात. ‘ऑर्डर द्या’ या बटणावर बोट टेकवावे आणि त्याच क्षणी पान सरकून बोट भलत्याच जाहिरातीवर पडावे, हा अनुभव मराठी बातम्या वाचणाऱ्या कोणालाही नवा नाही. ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ या नावांच्या फॉन्टसारखे चांगले देवनागरी फॉन्ट मोफत उपलब्ध आहेत. अक्षरांच्या लागणाऱ्या एक-दोन जाडीच तेवढ्या घ्याव्यात, फॉन्टची फाइल दाबलेल्या स्वरूपात द्यावी आणि चित्रांसाठी व जाहिरातींसाठी जागा आधीच राखून ठेवावी, एवढे केले तरी उड्या थांबतात.

गूगलने २०२० मध्ये हे सगळे मोजण्याचे निकष जाहीर केले आणि २०२१ पासून शोधाच्या क्रमवारीत त्यांचा विचार सुरू केला. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, बोट टेकल्यावर २०० मिलिसेकंदांत काहीतरी हालचाल व्हावी आणि मजकूर जागेवरून फारसा सरकू नये, अशा त्यांच्या आजच्या तीन अपेक्षा आहेत. पानाचा वेग हा पूर्वी अभियंत्यांचा विषय होता, तो त्या दिवसापासून जाहिरात विभागाच्या बैठकीत आला. अर्थात, मजकूर निकामी असेल तर नुसत्या वेगाने क्रमवारी मिळत नाही, हेही तितकेच खरे.

व्हिडिओतली जाहिरात

ठाण्याच्या दहीहंडीचे थेट प्रक्षेपण हजारो लोक फोनवर पाहतात. असा व्हिडिओ अखंड धारेसारखा येत नाही. तो काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेला असतो आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जाच्या चार-पाच आवृत्त्यांत तयार ठेवलेला असतो. फोनमधला प्लेयर नेटवर्कचा अंदाज घेऊन पुढचा तुकडा कोणत्या आवृत्तीतला मागवायचा हे ठरवतो, म्हणून चित्र मध्येच धूसर होते आणि पुन्हा स्पष्ट होते. ॲपलने २००९ मध्ये रूढ केलेली ही पद्धत आता सर्वत्र आहे. तुकडे साध्या फाइली असल्यामुळे तेही जवळच्या केंद्रात साठवता येतात. नेटफ्लिक्स तर आपली यंत्रे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्याच जाळ्यात बसवून देते. तुकडे तयार करणे, पोहोचवणे आणि फोनने थोडा साठा करणे यांत वेळ जातो, त्यामुळे सातवा थर लागल्याचा जल्लोष खिडकीतून ऐकू येतो आणि पडद्यावर अजून पाचवाच थर चढत असतो. ही दिरंगाई काही सेकंदांवर आणणाऱ्या पद्धतीही आता आल्या आहेत.

जाहिरातीच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, व्हिडिओ तुकड्यांचा असल्यामुळे मधला एखादा तुकडा बदलता येतो. प्रक्षेपणात विश्रांती आली, की सर्व्हर प्रत्येक प्रेक्षकाच्या यादीत वेगळे जाहिरातीचे तुकडे घालतो: कळव्यातल्या प्रेक्षकाला जवळच्या दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात आणि वाशीतल्या प्रेक्षकाला शिकवणी वर्गाची. टीव्हीवर एका जाहिरातीचे पैसे राज्यभरासाठी मोजावे लागत. इथे स्थानिक व्यापारी फक्त आपल्या परिसरापुरते पैसे मोजू शकतो. शिवाय जाहिरात मूळ व्हिडिओच्या मार्गानेच येत असल्यामुळे जाहिराती अडवणाऱ्या साधनांना ती वेगळी ओळखणे अवघड जाते.

ओळख कोणाच्या हाती

आता त्या दोन-चार सेकंदांतला सर्वांत कमी दिसणारा भाग. एखादे मराठी बातम्यांचे पान उघडत असते, तेव्हा त्यावरच्या रिकाम्या चौकोनासाठी लिलाव होतो. वाचक कोण असावा याचा अंदाज बोली लावणाऱ्यांच्या यंत्रांकडे जातो, ती आपापला भाव सांगतात आणि साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात सौदा पुरा होतो. हा अंदाज मुख्यतः कुकीवर, म्हणजे वेबसाइटने वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीवर उभा होता. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कुकी तयार केली, तेव्हा तिचे काम एवढेच होते की, दुकानाच्या वेबसाइटला ग्राहकाची टोपली लक्षात राहावी. पुढे पानावर पाहुणी म्हणून आलेली जाहिरात कंपनीही आपली कुकी ठेवू लागली आणि तीच कंपनी हजारो वेबसाइटवर असल्यामुळे वाचकाचा माग सगळीकडे लागू लागला. एका ठिकाणी चपला पाहिल्या, की आठवडाभर सर्वत्र चपलाच दिसतात, त्याचे कारण हे.

या पद्धतीला गेल्या काही वर्षांत चहूबाजूंनी ओहोटी लागली. सफारी ब्राउझरने मार्च २०२० पासून अशा परक्या कुकी पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्स ब्राउझरने माग काढणाऱ्या कुकी त्याआधीच अडवायला सुरुवात केली होती. ॲपलने एप्रिल २०२१ पासून आयफोनवरच्या ॲपना माग काढण्यापूर्वी परवानगी विचारणे भाग पाडले. गूगलने क्रोममधूनही परक्या कुकी काढण्याची घोषणा जानेवारी २०२० मध्ये केली, अनेकदा मुदत वाढवली आणि अखेर २०२४-२५ मध्ये तो बेत सोडून दिला. त्यामुळे क्रोमवर जुना खेळ अजून चालतो, पण त्याच्या भरवशावर धंद्याची आखणी करणे शहाणपणाचे नाही. भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कशासाठी घेतो हे स्पष्ट सांगून संमती घेणे आणि मागितल्यास ती माहिती पुसणे, हा त्याचा गाभा आहे.

नौपाड्यातल्या उद्योगाला यातून काय घ्यायचे? गेल्या दिवाळीला ज्यांनी फराळ नेला, त्यांचे नाव, नंबर आणि कोणी काय नेले याची वही त्याच्यापाशी आहे. ती संमतीने आणि नीट ठेवलेली असेल, तर तिच्याइतकी मोलाची दुसरी जाहिरात यादी नाही, कारण ती कोणत्याही ब्राउझरच्या धोरणाने बंद पडत नाही. वाचक कोण आहे हे न पाहता तो काय वाचतो आहे हे पाहून जाहिरात देण्याची जुनी रीतही परत आली आहे. भाजणीच्या पाककृतीशेजारी फराळाची जाहिरात दाखवायला कोणाचा माग काढावा लागत नाही. यात एक गंमतही आहे. लिलावाच्या आणि माग काढण्याच्या स्क्रिप्ट पानावरून कमी झाल्या, की पान आपोआप हलके होते.

वाचक माणूसच असेल असे नाही

हा बदल सर्वांत ताजा आहे आणि त्याचा पल्ला अजून पुरता दिसलेला नाही. गूगलने शोधाच्या निकालांवर यंत्राने लिहिलेला सारांश दाखवायला भारतात २०२४ मध्ये सुरुवात केली. चॅटजीपीटीसारख्या साधनांना लोक थेट मराठीत विचारतात: ठाण्यात उपवासाची भाजणी कुठे मिळेल, आधी किती दिवस सांगावे लागते? उत्तर तिथेच मिळाले, तर ग्राहक वेबसाइटवर येतच नाही. म्हणजे पानाला आलेल्या भेटींची संख्या घटूनही ऑर्डर वाढू शकतात, आणि नुसत्या भेटी मोजणाऱ्याला धंदा बसल्यासारखा वाटतो. ‘आमच्याबद्दल कुठे कळले’ हा प्रश्न फोनवर विचारून उत्तर लिहून ठेवणे अशा वेळी महागड्या आलेखांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

या यंत्रांना पान वाचता यावे लागते. अनेक वेबसाइट आज रिकामा सांगाडा पाठवतात आणि मजकूर ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट या भाषेतला प्रोग्राम चालल्यावर भरला जातो. पाने गोळा करणारी अनेक यंत्रे जावास्क्रिप्ट चालवतच नाहीत, त्यांना सांगाडाच दिसतो. म्हणून मजकूर सर्व्हरवरच भरून पाठवण्याची पद्धत पुन्हा रूढ होते आहे. दुसरी सोय स्कीमा डॉट ऑर्ग या २०११ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी मिळून सुरू केलेल्या शब्दसंग्रहाची: पानाच्या आत, वाचकाला न दिसणाऱ्या जागी, हा व्यवसाय अमुक, पत्ता तमुक, वस्तू ही, दर हा, वेळ ही, अशी माहिती ठरलेल्या चौकटीत लिहून ठेवता येते. तासाभराचे काम आहे. पण चित्रात लिहिलेल्या दरपत्रकाचा इथेही तोटा होतो: सुंदर रांगोळीच्या चौकटीतले ‘चकली, अर्धा किलो’ हे शब्द यंत्राच्या हाती खात्रीने लागत नाहीत, आणि दृष्टिहीन ग्राहकाच्या फोनलाही ते वाचून दाखवता येत नाहीत.

आपला मजकूर या यंत्रांना फुकट द्यायचा का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर धंद्यानुसार बदलते. रोबोट्स डॉट टीएक्सटी या छोट्या फाइलमधून कोणत्या यंत्राला आत घ्यायचे आणि कोणाला नाही, हे १९९४ पासून सांगता येते. मात्र ती विनंती आहे, कुलूप नाही. आता प्रती वाटणाऱ्या जाळ्यांनीच अशी यंत्रे ओळखून अडवण्याची सोय दिली आहे. बातम्या किंवा लेख हाच ज्यांचा माल आहे, अशा मराठी प्रकाशकांनी ती गंभीरपणे विचारात घ्यावी, कारण सारांश वाचून समाधान झालेला वाचक त्यांच्या पानावरची जाहिरात पाहत नाही. फराळवाल्याचा माल मात्र डब्यात असतो, पानावर नसतो. त्याने दरवाजा उघडा ठेवावा, दरपत्रक चित्रातून काढून मजकुरात लिहावे आणि त्याच्या शेजारी नोंदणीची शेवटची तारीख ठळक द्यावी.